डोंगर सजवाल तेव्हा आप्पांची सुतकी कुठे ठेवाल?

प्रति,
नवी मुंबईच्या डोंगरपट्ट्याचं भवितव्य ठरवणारे महानगरपालिका, सिडको, वन आणि महसूल खात्यांतले अधिकारी, आणि त्यांच्यासाठी आराखडे काढणारे वास्तुरचनाकार

सप्रेम नमस्कार.

ठाण्याहून पनवेलला जाणाऱ्या लोकलमध्ये डाव्या खिडकीशी बसलं की ऐरोलीपासून पारसिकचा डोंगर सोबत चालतो. मध्येच त्याचा हिरवा उतार तुटतो आणि उभा कापलेला काळा-तांबूस कातळ समोर येतो, कुठे पाच मजली इमारतीएवढा, कुठे त्याहून उंच. गाडीतली माणसं त्याला पोखरलेला डोंगर म्हणतात. खरंच पोखरलेला आहे. तो पोखरणाऱ्यांत माझे वडील, म्हणजे आप्पा, होते, आई होती, दोन चुलते होते आणि शाळेच्या सुट्टीत मीही होते. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आता तिथल्या बहुतेक क्वाऱ्या, म्हणजे दगडखाणी, थंडावल्या आहेत. सुरुंगांचे हादरे थांबले, धूळ खाली बसली, आणि त्याचं मला दुःख नाही. आमच्या लोकांच्या छातीत त्या धुळीने काय केलं ते मी पाहिलं आहे. सोडून दिलेल्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साचून तळी झाली. हिवाळ्यात सकाळी त्या पाण्याला हिरवट-निळी झाक येते, काठच्या कातळावर खंड्या येऊन बसतो, लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. इथे बोटी सोडाव्यात, बाग करावी, वरून काचेचा पूल टाकावा, अशा कल्पना मी सोसायटीच्या बैठकीत ऐकल्या, टपरीवर ऐकल्या, निवडणुकीच्या दिवसांत दारात आलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकल्या. आज ना उद्या यातलं काहीतरी होईल. व्हावंच. कोपरखैरण्यात जिथे शहराचा कचरा टाकत होते तिथे आज निसर्ग उद्यान आहे, मुलं झाडाखाली खेळतात. डोंगराची जखमही भरून यावी असं आम्हाला वाटणार नाही तर कोणाला वाटेल?

माझं म्हणणं एकच आहे. त्या आराखड्याची पहिली रेघ ओढण्याआधी ज्यांनी हा डोंगर फोडला त्यांना बोलवा, आणि जागा देखणी करताना त्यांना तिथून पुसून टाकू नका.

आम्ही सोलापूर जिल्ह्यातले वडार, पिढ्यान्पिढ्या दगड फोडणारे. 1972 च्या दुष्काळात गावाकडे सरकारी कामांवर खडी फोडायची वेळ सगळ्यांवरच आली, अगदी बागायतदारांवरही. आमच्या घराला ते काम नवीन नव्हतं. दुष्काळ सरला, पण गावात हाताला काम उरलं नाही. तेवढ्यात कोणीतरी सांगत आलं की मुंबईच्या खाडीपलीकडे सरकार नवीन शहर बांधतंय, दगड लागेल तेवढा कमी आहे. हे शहर उभारणारी सिडको 1970 साली स्थापन झाली होती, वाशीचा खाडीपूल 1973 साली सुरू झाला होता, आणि शहराचा पाया घालायला डोंगर हाताशी उभाच होता. मी सहा वर्षांची असताना आम्ही तुर्भ्याच्या डोंगराखाली येऊन राहिलो. घर म्हणजे चार बांबू, ताडपत्री आणि डबर, म्हणजे फोडलेले ओबडधोबड दगड, रचून केलेल्या बिनचुन्याच्या भिंती. दगडाला तोटा नव्हता.

आराखडा काढणाऱ्यांनी हे काम कसं चालायचं ते एकदा ऐकून घ्यावं. सकाळी कातळात होल मारायची. आधी पहारीने, पुढे कॉम्प्रेसरवरच्या जॅकहॅमरने. त्यात जिलेटिनची स्फोटकं भरायची, वात बाहेर काढायची. जेवणाच्या वेळी मुकादम लाल फडकं हलवत शिट्टी मारायचा, आया मुलांना ओढून झोपड्यांमागे न्यायच्या आणि बार उडायचे. धूळ खाली बसेपर्यंत सगळा पाडा गप्प असायचा. ती गप्प राहण्याची मिनिटं मला अजून आठवतात. कारण त्यानंतर प्रत्येक बाई आधी आपापल्या माणसाला हाक मारायची आणि ओ आली की मगच भाकरी सोडायची.

बाराने सुटलेले मोठे धोंडे पुरुष घणाने फोडत. घणाचा दांडा बांबूचा, लवचिक. ताठ दांडा असला तर दगडाचा झटका परत खांद्यात येतो. फोडण्याआधी आप्पा धोंड्यावर पाणी शिंपडायचे, सुतकीने, म्हणजे दगड फोडायच्या हातोडीने, दोन-चार ठिकाणी टकटक करायचे आणि कान लावून आवाज ऐकायचे. दगडाला नस असते. नसेवर घाव पडला तर तीन घावांत धोंडा उमलतो, चुकला तर तीसही पुरत नाहीत. डबर झालं की बायका बसून त्याची दीड इंची, पाऊण इंची खडी करायच्या. माझी आई गाडीच्या जुन्या टायरची एक कडी कापून ठेवायची. ती दगडाभोवती घालायची आणि आत सुतकी मारायची, म्हणजे कपच्या उडून डोळ्यांत जात नाहीत. तरीही तिच्या डाव्या डोळ्यावर पांढरा ठिपका होता. पैसे ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापावर, मिळायचे. ब्रास भरायला किती घमेली लागतात हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

पुढे क्रशर, म्हणजे खडी करणारी यंत्रं, आले. हातखडी संपली आणि धूळ दहापट झाली. कणसासारखी पिवळी पडलेली झाडं, ओल्या फडक्याने बांधलेली तोंडं, रात्रभर चालणारे डंपर. वाशी, नेरूळ, बेलापूर या नोडांच्या, म्हणजे नव्या शहराच्या वसाहतींच्या, इमारती, रस्ते, रेल्वेखालची खडी, या सगळ्यांत हा डोंगर गेला आहे. ज्या गावांची शेती आणि मिठागरं या शहरासाठी गेली, त्यांतल्या काही प्रकल्पग्रस्तांना खाणींचे पट्टे मिळाले होते. तेही आज रिकामे बसले आहेत, आणि त्यांचंही या जागेत मन आहे. मी वडारांची म्हणून वडारांचं जास्त सांगते, एवढंच.

आप्पांनी मला मात्र सुतकी कायमची हातात धरू दिली नाही. मी शिकले, शिक्षिका झाले, तीस वर्षं नवी मुंबईतच प्राथमिक शाळेत शिकवलं. माझ्या वर्गात पाड्यावरची मुलं बसायची. पाऊस लागला की पट कमी व्हायचा, दिवाळीनंतर भरायचा. एका जूनमध्ये माझ्या तिसरीच्या वर्गातला एक मुलगा खाणीच्या पाण्यात गेला. पोहायला उतरला होता. नदीला, विहिरीला निदान काठ असतो, पायऱ्या असतात. खाणीच्या खड्ड्याला उतार नसतो. काठावरून एक पाऊल टाकलं की सरळ तीस-चाळीस फूट पाणी. त्याचं दप्तर काठावर नीट ठेवलेलं होतं, वर दगड ठेवला होता, वाऱ्याने वही उडू नये म्हणून. मी ते दप्तर त्याच्या आईकडे नेऊन दिलं.

तेव्हा तळी सुंदर दिसतात असं कोणी म्हटलं की मला ते दप्तर आधी दिसतं. पर्यटनाचं काय व्हायचं ते सावकाश होऊ दे. पण पाड्यालगतच्या प्रत्येक पाणी भरलेल्या खाणीला येत्या पावसाळ्याआधी कुंपण, फलक आणि निदान एका बाजूने उतरती पायवाट झालीच पाहिजे. त्याला वास्तुरचनाकार लागत नाही.

आता मी तुम्हाला जरा लांब नेते. माझी लेक संशोधनासाठी तैवानला आहे. गेल्या नोव्हेंबरात मी तिच्याकडे गेले होते. तिने विचारलं, आई, कुठे जायचं? मी म्हटलं, डोंगर असेल तिथे ने. तिने मला ज्यूफनला नेलं.

तैपेईहून रुईफांगला रेल्वेने, तिथून बसने वर. समुद्राकडे तोंड करून डोंगरावर चिकटलेलं गाव. नावाचा अर्थ ‘नऊ वाटे’. पूर्वी इथे नऊच घरं होती आणि सामान मागवायचं ते नऊ वाट्यांचं, म्हणून हे नाव, असं सांगतात. 1890 च्या सुमारास रेल्वेचा पूल बांधणाऱ्या मजुरांना किलुंग नदीच्या वाळूत सोन्याचे कण दिसले आणि त्या मागावर माणसं डोंगरापर्यंत पोचली. हे ऐकून मी तिथेच थांबले. पूल बांधणारे मजूर! कुठलाही भूगर्भतज्ज्ञ नव्हता, नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून काम करणारी माणसं होती. 1895 नंतर जपानी राजवटीत खाणी फोफावल्या, गाव गजबजलं. पुढे सोनं आटत गेलं आणि 1971 साली खाण बंद झाली. तरुण माणसं निघून गेली. डांबरी कागद लावलेली काळी छपरं, उभ्या पायऱ्यांच्या गल्ल्या आणि म्हातारी माणसं उरली. 1989 साली तिथे चित्रित झालेल्या एका चित्रपटाने लोकांचं लक्ष गावाकडे वळलं, आणि पाहुणे यायला लागले ते आजतागायत.

आज ज्यूफन बघण्यासारखं आहे, हे मी खोटं बोलणार नाही. संध्याकाळी पायऱ्यांवर लाल कंदील लागतात, पाऊस भुरभुरत असतो, चहाघराच्या खिडकीतून खाली समुद्र दिसतो. पण त्या गल्लीत आम्ही दोन तास फिरलो, खरं म्हणजे ढकलले गेलो. इतकी गर्दी होती की पाय उचलायची गरज पडेना. रताळ्याचे आणि सुरणासारख्या कंदाचे रंगीत गोळे घातलेली गोड खीर खाल्ली, छान होती. दुकानंच दुकानं होती. खाणीत उतरलेल्या माणसाची खूण मी शोधत होते आणि मला ती सहज सापडली नाही. एका उंबऱ्यावर एक आजी बसल्या होत्या. त्यांच्या दाराच्या दोन्ही बाजूंना फोटो काढणाऱ्यांची रांग होती आणि त्या आपल्याच घराच्या पायऱ्यांवर अंग चोरून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी लेक मला डोंगराच्या पलीकडच्या बाजूला घेऊन गेली. बसने अवघा पाव तास. गावाचं नाव जिनग्वाशी. इथेही सोनं निघत होतं, तांबंही. इथली खाण जास्त काळ टिकली, 1987 साली बंद झाली. 2004 साली तिथे सुवर्ण संग्रहालय उघडलं. पण ते एका इमारतीपुरतं नाही. अधिकाऱ्यांच्या लाकडी घरांपासून ढकलगाडीच्या रुळांपर्यंत आणि बोगद्याच्या तोंडापर्यंत सगळं गावच त्यांनी राखून ठेवलं आहे. 220 किलोची सोन्याची वीट आहे तिथे, काचेच्या पेटीच्या भोकातून हात घालून तिला शिवता येतं. मीही हात लावला. गार लागते, बाकी काही नाही.

मला थांबवलं ते बोगद्याने. डोक्यावर हेल्मेट घालून आत जायचं. भिंती ओल्या, छत खाली, लाकडी टेकू. कामगारांचे माणसाएवढे पुतळे: एक वाकून होल मारतोय, एक ढकलगाडी लोटतोय. त्या वाकलेल्या पुतळ्याचा खांदा कारागिराने नेमका केला होता. उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली. आप्पांचा तसाच होता. लेकीने माझा हात धरला. आमच्या मागे शाळेची मुलं होती, आधी दंगा करत होती, आत आल्यावर गप्प झाली. त्यांना कोणी गप्प बसा म्हटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर उपाहारगृहात खाणकामगाराचा डबा मिळतो. स्टीलचा डबा, आत भात, वर तळलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा, बाजूला भाजी. आमच्या घराला ते वर्ज्य नव्हतं, मी आवडीने खाल्लं. डबा एका फडक्यात गाठ मारून बांधलेला असतो आणि त्या फडक्यावर त्या गावाचा नकाशा छापलेला असतो. डबा, फडकं, चॉपस्टिक्स सगळं घरी न्यायचं. मी आणलं. आई आप्पांचा डबा अशाच गाठीने बांधायची, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात. ज्वारीच्या दोन भाकरी, लाल चटणी, कांदा. गाठ सोडली की फडकं जमिनीवर पसरायचं आणि त्यावर जेवायचं, कारण बाकी सगळीकडे कच पडलेली असायची.

त्याच गावात आणखी एक जागा आहे, तिचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर पकडलेल्या दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांना जपान्यांनी 1942 च्या नोव्हेंबरात इथे आणलं आणि तांब्याच्या खाणीत जुंपलं. बहुतेक ब्रिटिश होते. हजाराहून अधिक माणसं इथल्या छावणीतून गेली, कित्येक परत आली नाहीत. छावणीच्या जागेवर आता लहानसं उद्यान आहे आणि भिंतीवर युद्धकैद्यांची नावं कोरली आहेत. एकेक नाव. सोनं, समुद्र, धबधबा बघायला आलेल्या माणसाला ती भिंत दाखवायला त्या लोकांना कमीपणा वाटला नाही. तिथून खाली उतरलं की सोनेरी धबधबा लागतो. खडकातल्या खनिजांतून झिरपणाऱ्या पाण्याने दगड पिवळे-केशरी झाले आहेत. लोक त्याचेही फोटो काढतात, पण त्या पाण्यात हात घालत नाहीत, कारण ते पाणी साधं नाही.

एकाच डोंगराची दोन गावं. दोन्ही खाणीवर वाढली, दोन्ही खाण संपल्यावर ओस पडली, दोन्हीकडे आज पाहुणे येतात. एकीकडून मी पोट भरून आले, दुसरीकडून माझे वडील मला परत भेटले. आपला डोंगर कोणत्या वाटेने न्यायचा हे तुमच्या हातात आहे, आणि म्हणून हे सगळं तुम्हाला एवढ्या विस्ताराने सांगितलं.

परदेश कशाला, असं कोणी म्हणेल. ठीक आहे. आपल्याच राज्यात नागपूर जिल्ह्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सने पर्यटन विकास महामंडळाच्या साथीने 2016 मध्ये कोळसा खाण पर्यटन सुरू केलं. सावनेरच्या खाणीत सामान्य माणसाला उतरून काम कसं चालतं ते बघता येतं. म्हणजे खाण दाखवायची असते, लपवायची नसते, हे आपल्याकडेही मान्य झालं आहे.

मग पारसिकच्या खाणींत काय करता येईल? मी आराखडे काढणारी नाही, पण डोंगर मला ठाऊक आहे. एक तरी कडा आहे तसा उघडा ठेवा. त्यावर सिमेंटचे खोटे दगड चिकटवू नका, कृत्रिम धबधबा सोडू नका. या कातळात होल मारल्याच्या उभ्या खाचा अजून स्पष्ट दिसतात, पेन्सिलीने रेघा ओढाव्यात तशा. प्रत्येक खाच म्हणजे कोणाचा तरी अर्धा दिवस आहे. त्या खाचा वाचायला शिकवणारा फलक लावा. हा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. मुलांना तेही सांगा, लाव्ह्याचे थर एकावर एक कसे बसले ते खाणीइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसणार? एखादा बंद क्रशर भंगारात घालण्याऐवजी जागेवर ठेवा. त्याचा जबडा बघितल्यावर धूळ कशी होत असेल ते सांगावं लागणार नाही.

आणि माणसं. पाड्यावर अजून असे म्हातारे आहेत जे दगडावर टकटक करून नस सांगतात. ते आणखी दहा वर्षं असतील की नाही माहीत नाही. त्यांचं बोलणं आत्ता ध्वनिमुद्रित करा, मराठीत आणि आमच्या वडारी बोलीत. ती बोली आमच्या नातवंडांना येत नाही. माझ्या लेकीलाही मोजके शब्द येतात. उद्या तिथे तिकीट काढून लोक येतील तेव्हा वाटाड्या म्हणून पाड्यावरची पोरं घ्या, बाहेरच्या एजन्सीची गणवेशातली मुलं नकोत. जेवणाचं काम पाड्यावरच्या बायकांच्या गटाला द्या. भाकरी, चटणी, कांदा, फडक्यात गाठ मारून. मुंबईकर रांग लावतील, मला खात्री आहे.

नावांची भिंत हवी. याबद्दल मी आग्रही आहे. आम्ही विमुक्त जातीत येतो. जातीचा दाखला काढायला गेलं की 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. जो माणूस दगडाच्या मागे गावोगाव फिरला, ज्याचं घर दर दोन वर्षांनी मोडून पुढच्या खाणीवर गेलं, त्याच्याकडे कुठला कागद असणार? माझ्या वर्गातल्या किती मुलांचे आईबाप या कागदासाठी कचेरीच्या पायऱ्या चढून थकले ते मी पाहिलं आहे. कागदावर कधीही न लागलेलं नाव निदान त्यांनी फोडलेल्या दगडावर लागू दे. बार उडताना गेलेले, दरडीखाली गेलेले, छातीत धूळ भरून पन्नाशीच्या आत गेलेले, पाण्यात गेलेली मुलं. मी निवृत्त झाल्यापासून पाड्यावर फिरून नावं विचारते आणि वहीत लिहिते. आजवर 63 झाली आहेत. काहींची फक्त हाकेची नावं मिळाली. ‘लंगडा तिम्मा’ एवढंच आठवतं लोकांना. तेही कोरा.

पैशाचं म्हणाल, तर 2015 साली खाण कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद आली. खाणकामाने बाधित झालेल्या माणसांच्या आणि परिसराच्या भल्यासाठीच ते आहे. बंद खाणींखालचे हे पाडे बाधित नाहीत तर मग कोण आहे? पहिला खर्च कुंपण, पाणी, दवाखाना आणि छातीच्या तपासणीवर व्हावा, कंदिलांवर नंतर.

शेवटी जे लिहायला मला जड जातंय ते लिहिते. सुशोभीकरण आलं की पाडा डोळ्यांत खुपायला लागतो. पत्र्याची घरं फोटोत नको असतात. मग एक दिवस नोटीस येते, कोपऱ्यातल्या कुठल्या तरी संक्रमण शिबिराचं आश्वासन येतं, आणि ज्यांनी डोंगर फोडून शहराला दिला त्यांना डोंगराच्या पायथ्याशीही जागा उरत नाही. ज्यूफनच्या त्या आजींना निदान आपला उंबरा तरी होता. आमच्याकडे तो कोणाच्या नावावर नाही. म्हणून आराखडा जाहीर होण्याआधी पाड्यावरच्या प्रत्येक घराची नोंद व्हावी, त्यांना तिथेच, किंवा चालत जाता येईल इतक्या अंतरात, पक्कं घर मिळावं आणि ते आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असावं. खाणीच्या तोंडाशी उतार कच्चा आहे, काही घरं खरोखर धोक्यात आहेत, ती हलवावीच लागतील हे मला कळतं. पण धोक्यातून हलवणं आणि नजरेआड करणं यांतला फरक आम्हालाही कळतो.

आप्पा जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांची सुतकी माझ्याकडे आहे. तिच्या तोंडाला मधोमध खोलगा पडला आहे, बोट ठेवलं तर नीट बसतं. दांडा तीनदा बदलला, शेवटचा मीच आणून बसवला होता, त्यांच्या हातात तेव्हा घाव घालायचा जोर राहिला नव्हता तरी. त्यांनी तो हातात धरून पाहिला, अंगणातल्या पाट्यावर एकदा टक केलं आणि म्हणाले, “बरा बसलाय.” ही सुतकी, आईची टायरची कडी आणि नावांची वही मी तुम्हाला द्यायला तयार आहे. पण ती कचेरीत आणून देणार नाही.

तुम्ही इथे या. कुठलाही दिवस चालेल, पाऊस सोडून. सकाळी साडेसातच्या आत या, नऊनंतर कातळ तापतो. बूट साधे घाला, वाट कचीची आहे, पाय सरकतो. सोबत तीन-चार म्हातारी माणसं असतील, त्यांच्या वेगाने चालावं लागेल. वर पोचल्यावर चहा आमच्याकडे.

आपली,
तुर्भ्याच्या डोंगराखाली वाढलेली
एक निवृत्त शिक्षिका